अंगणातलं पाणी कुणीकडे जातं?

स्वयंपाकघराच्या भिंतीवरची ती रेघ मला आधी चिकटलेला केस वाटली. ओल्या फडक्यानं पुसली, जाईना. नखानं कोरून पाहिली आणि पोटात गोळाच आला. तडा! आणि तोही नव्या घराला. वास्तुशांतीत आलेले स्टीलचे डबे अजून खोक्यातून पुरते बाहेर निघाले नव्हते. कर्जाचे हप्ते किती उरलेत, हे तर मी मोजायचंच सोडून दिलं होतं.

ही गोष्ट २०२३ च्या मे महिन्यातली. आमचं घर नेरला, गावाबाहेरच्या एका नव्या लेआउटमध्ये. 'हे' म्हणाले, "प्लास्टरचा तडा आहे. उन्हानं पडला असेल. पुट्टी भरली की झालं." पुट्टी भरली, वरून रंगाचा हात दिला. जुलैत पाऊस लागला आणि रेघ पुन्हा दिसू लागली. या वेळी ती खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी खाली उतरत होती.

त्या जुलैची २२ तारीख यवतमाळ जिल्ह्यातलं कुणी विसरणार नाही. महागाव तालुक्यात आनंदनगरला पुरात अडकलेल्या माणसांसाठी हेलिकॉप्टर बोलवावं लागलं होतं. त्यांच्यावर जे गुदरलं, त्यापुढे आमचं काहीच नाही. पण त्याच दिवसांत एकदा रात्री दोन वाजता मी मागचं दार उघडलं, आणि टॉर्चच्या उजेडात पायरीला लागलेलं पाणी दिसलं. धुण्याचा दगड बुडालेला, तुळशीवृंदावन पाण्यात उभं, मुलांच्या चपला तरंगताहेत. हे पाणी नदीचं नव्हतं की नाल्याचं नव्हतं. आमच्याच छताचं, आमच्याच अंगणातलं होतं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, रस्ते वाळले, आमच्याकडे मात्र तळं तसंच. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यात अळ्या वळवळायला लागल्या. शेवाळावरून पाय सटकेल या भीतीनं सासूबाईंनी दसऱ्यापर्यंत तुळशीला पाणी घालायला जायचं बंद केलं. रोज खिडकीतूनच नमस्कार करायच्या.

शेवटी त्यांच्याच ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी तड्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "बादलीभर पानी आना," म्हणाले. बादली अंगणाच्या मधोमध ओतली. पाणी क्षणभर थबकलं आणि सरळ स्वयंपाकघराच्या भिंतीकडे चालू लागलं. मिस्त्री हसले.

"आंगन घराकडंच उतरते न, ताई! मंग पानी कुठी जाईन?"

इतकी साधी परीक्षा! घर बांधताना फरशीचा रंग, ओट्याचा दगड, खिडकीची जाळी यांवर आम्ही दोघांनी रात्री-रात्री खल केला होता. अंगण कुणीकडे उतरतं, हे मात्र एकदाही पाहिलं नव्हतं.

मला सगळ्यांत लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मी शाळेत तासिकेवर भूगोल शिकवते. काळी माती, तिलाच रेगूर म्हणतात, ती बेसॉल्ट खडक झिजून झाली, ती ओलावा धरून ठेवते, कापसाला उत्तम. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, मुलंही घोकून ठेवतात. पण 'ओलावा धरून ठेवते' म्हणजे नेमकं काय करते, ते मला माझ्या भिंतीनं शिकवलं.

या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं अतिशय बारीक चिकणखनिज असतं. पाणी त्याच्या थराथरांत शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी उडून गेलं की आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तीच माती आपल्या घराखाली! घराच्या मधोमध, छताखाली, ती बारमाही साधारण सारखी दमट राहते. कडेची मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात बसते. म्हणजे घराच्या कडा दरवर्षी थोड्या वर, थोड्या खाली. त्यात पाणी एकाच कोपऱ्याला साचत असेल तर विचारूच नका. एक बाजू उचलली जाते, दुसरी जागच्या जागी. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघालेला तिरपा तडा बहुतेक वेळा याच ओढाताणीचा असतो. पुट्टी त्याला काय करणार?

ज्या मैत्रिणींचं घर अजून बांधायचं आहे त्यांच्यासाठी एक सांगते. अशा मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं बूड फुगीर असलेल्या खोल खांबांचा पाया विकसित केला आहे. इंजिनियरला 'अंडर-रीम्ड पाइल' लागतील का, हे जरूर विचारा. खर्च वाढतो म्हणून टाळलं तरी विचारून टाळलेलं बरं. आमचं तर घर बांधून झालं होतं. आता हाती होतं ते एवढंच, की भिंतीपाशी पाणी थांबू द्यायचं नाही.

जुन्या लोकांना हे कळत होतं. आपल्याकडे गावाच्या जमिनीला दोन नावं, काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरी राहायची. गाव बसे ते पांढरीवर, जरा उंचवट्यावर. आता गावठाणं भरली, शेतं अकृषक झाली, त्यांचे प्लॉट पडले. आपण काळीवर राहायला आलो, पण अंगण राखायची सवय मात्र पांढरीवरच सोडून आलो.

माझ्या आजीचं घर धाब्याचं होतं. पुढे ओटा, ओट्यापुढे अंगण. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीआधी एकदा ती अंगणात मुरूम आणि माती पसरायची, पाणी शिंपडायची आणि आम्हा पोरींना लाकडी चोपणं देऊन चोपायला बसवायची. हातांना फोड यायचे. चोपून झालं की ओट्यावरून तांब्याभर पाणी सोडायची. ते फाटकापर्यंत पोचलं तरच सारवायला शेण कालवायचं. मधे कुठे थांबलं तर तिथे पुन्हा ओंजळभर माती, पुन्हा चोपणं. मिस्त्रींची बादली पाहिली तेव्हा मला आजीचा तांब्या आठवला. तिला कुणी लेव्हल शिकवली नव्हती. पण अंगण हे तिचं काम होतं, आणि दरवर्षीचं होतं.

सिमेंट आलं, गट्टू आले आणि अंगण ठेकेदाराचं झालं. तो ढाळ देतो तो त्याच्या सोयीनं, पाऊस पडताना बघायला तो काही येत नाही. भर पावसात दुपारी घरात असते ती आपणच. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, किती वेळ राहतं हे घरात आपल्याइतकं कुणालाच माहीत नसतं. तरी अंगणात काय करायचं हे ठरवताना आपल्याला विचारतात ते फक्त गट्टू लाल हवेत की करडे!

मिस्त्री गेले आणि आम्ही घाईघाईत चूक केली. यांनी दोन ट्रॅक्टर मुरूम बोलावला आणि मागच्या अंगणात पसरून टाकला. घराकडची बाजू उंच झाली, पाणी भिंतीपासून हटलं. मला वाटलं, जिंकलो. सप्टेंबरात दोन मोठे पाऊस झाले आणि आमचं सगळं पाणी कुंपणाखालून शेजारच्या वहिनींच्या अंगणात गेलं. त्यांची मेथी-पालकाची वाफी सडली, मागच्या खोलीच्या भिंतीला कमरेएवढी ओल चढली. भांडण झालं असं म्हणता येणार नाही, कारण त्या काही बोलल्याच नाहीत. वाटी जायची-यायची ती बंद झाली. आणि जानेवारीत मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं, तर त्या वाण घ्यायला आल्या नाहीत. लेआउटमधल्या सगळ्याजणी आल्या, आणि सगळ्यांना माहीत होतं त्या का आल्या नाहीत.

"पाणी उताराकडेच जाणार, त्याला आपण काय करणार?" असं 'हे' म्हणत होते. पण एका वकील स्नेह्यांनी त्यांची समजूत काढली. वहिवाटीच्या हक्कांचा १८८२ सालचा इझमेंट कायदा असं मानतो, की वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी निसर्गतः खालच्या जमिनीत वाहत असेल, तर खालच्यानं ते अडवू नये. मात्र आपण भर घालून, पाइप लावून जे पाणी मुद्दाम दुसऱ्याकडे लोटतो ते यात बसत नाही. म्हणजे आमचा मुरूम आमच्या बाजूनं बोलत नव्हता. (कायद्याचं असं आहे की आपल्याला हवं तेवढंच वाक्य आपल्याला ऐकू येतं.)

रथसप्तमीच्या दिवशी मी तिळगूळ आणि वाण घेऊन स्वतःच वहिनींकडे गेले. दारातच म्हटलं, "वहिनी, चूक आमची आहे." त्यांनी आत बोलावलं, चहा टाकला. गप्पांत निघालं, की पाणी त्यांच्याकडेही आधीपासून थोडं तुंबतच होतं. समोरचा सिमेंटचा रस्ता झाला तो आमच्या दोघींच्या फाटकांपेक्षा चांगला वीतभर उंच झाला. पूर्वी पाणी पुढून निघून जात असे, आता रस्त्याचंच पाणी आत येतं. दोघींची दुखणी एकच होती आणि आम्ही मात्र कुंपणाच्या दोन बाजूंना तोंडं फुगवून बसलो होतो.

पुढच्या रविवारी मिस्त्रींना पुन्हा बोलावलं, या वेळी दोन्ही घरांसाठी. त्यांनी पिशवीतून बोटाएवढी जाड, पारदर्शक लांब नळी काढली आणि तीत पाणी भरलं. आतले बुडबुडे आधी काढून टाकायचे असतात, नाहीतर माप चुकतं. ही नळी म्हणजे गवंड्याची लेव्हल. दोन टोकं कितीही दूर नेली तरी दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला राहतं. काम दोन माणसांचं, पण अगदी सोपं आहे. आम्ही दोघींनीच केलं, मिस्त्री नुसते ओट्यावर बसून बघत होते.

भिंतीवर जमिनीपासून तीन फुटांवर पेन्सिलीनं खूण केली. नळीचं एक टोक त्या खुणेशी धरलं, दुसरं टोक दहा फुटांवर उभ्या धरलेल्या काठीला लावलं. पाणी स्थिर झालं, खुणेशी जुळलं, की काठीवर पाण्याच्या पातळीला रेघ मारायची आणि तिथून जमिनीपर्यंत मोजायचं. तीन फुटांपेक्षा जास्त भरलं तर तिथे जमीन खाली आहे, म्हणजे उतार घरापासून बाहेर. छान! कमी भरलं तर जमीन तिथे उंच, पाणी घराकडे येणार. आमच्या पुढच्या अंगणात ते दोन फूट सात इंच भरलं. म्हणजे फाटकाकडची जमीन भिंतीपेक्षा पाच इंच उंच! वहिनींकडे चार इंच. पुढून पाणी काढायचा प्रश्नच मिटला. मागच्या कोपऱ्यात मात्र लेआउटची नाली खोल होती. सगळं पाणी तिकडेच न्यायचं ठरलं.

हे मोजमाप जमलं नाही तरी एक गोष्ट प्रत्येकीला जमेल. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. वहीच्या कागदावर घराचा चौकोन काढून ठेवा, आणि पाणी जिकडे वाहतं तिकडे बाण, जिथे थांबतं तिथे गोल. पाऊस थांबल्यावर तासाभरानं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. जो गोल दुसऱ्या दिवशीही ओला, तिथे काम आहे. इंजिनियर उन्हाळ्यात येऊन जे सांगणार नाही, ते हा कागद सांगतो.

आता उतार किती हवा ते सांगते. भिंतीलगतच्या पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार असावा, असं परदेशांतही मानतात आणि आमच्या मिस्त्रींचं मापही जवळजवळ तेच निघालं. माती-मुरुमाच्या अंगणाला एवढा हवाच, कारण माती पुढे बसते. सिमेंट किंवा फरशी असेल तर फुटाला पाव इंच चालतो. मुरूम किती लागेल त्याचा हिशेब मुलाच्या वहीत केला. भिंत ४० फूट लांब धरा. भिंतीशी सहा इंच भर, दहा फुटांवर शून्य, म्हणजे सरासरी तीन इंच. ४० गुणिले १० गुणिले पाव फूट, झाले १०० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास. चोपल्यावर बसतो म्हणून सव्वा ब्रास धरा. आम्ही न मोजता दोन ट्रॅक्टर ओतले होते आणि तेही चुकीच्या जागी.

मुरूम एकदम ओतू नका. चार-सहा इंचांचा थर, पाणी, धुम्मस, मग पुढचा थर. भर घालायला शेतातली काळी माती फुकट मिळते म्हणून आणू नका, ज्या दुखण्यातून सुटायचं तेच वर पसराल. आणि एक मोठी सूचना: भर घालता घालता जोतं बुडवू नका. जोत्याचा वीतभर भाग तरी जमिनीवर उघडा राहिला पाहिजे, नाहीतर ओल भिंतीत चढते आणि रंगाचे पापुद्रे निघतात. घर बांधतानाच जोतं भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट उंच ठेवावं. समोरचा रस्ता पुढे उंच होणार हे धरून मी तर म्हणेन, त्याहून जास्तच ठेवा.

सगळ्यांकडे दहा फूट जागा कुठली असायला? आमच्या बाजूच्या बोळीत तीनच फूट आहे. तिथे भिंतीला लागून तीन फुटांची सिमेंटची पट्टी केली, बाहेर दीड इंच उताराची, आणि तिच्या कडेनं नाली. या पट्टीचा दुसरा फायदा असा की भिंतीजवळची काळी माती ना एकदम भिजते ना एकदम सुकते. फुगणं-आकसणं भिंतीपासून तीन फूट लांब जातं.

नाली दोन्ही घरांना मिळून एकच, आमच्या हद्दीत, कुंपणालगत. वहिनींचं पाणी कुंपणाला भोक पाडून तीत घेतलं. खर्च निम्मा-निम्मा. शंभर फुटांला एक फूट या हिशेबानं ६० फुटांत सात इंच ढाळ दिला. सपाट नालीत गाळ बसतो आणि तिचंच डबकं होतं. वर फरशा टाकल्या, पण सिमेंटनं पक्क्या केल्या नाहीत. ठेकेदार करून द्यायला तयारच होता, दिसायला छान दिसतं म्हणे! मी नाही म्हटलं. चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी मोहेंजोदडोच्या लोकांनी विटांच्या झाकलेल्या नाल्या केल्या, त्यांचीही झाकणं उचलून गाळ काढता येत असे, हे मी सहावीला शिकवते. मग माझ्याच घरी कशी विसरू? मे महिन्याच्या अखेरीस एक सकाळ दोन्ही घरची मंडळी फरशा उचलून गाळ काढतो. अमरावतीकडच्या आपल्या गाडगेबाबांनी गावोगाव खराटा घेऊन नाल्या साफ केल्या. आपली साठ फूट आपल्याला जड होऊ नये.

आता छताचं पाणी. अंगणापेक्षा खरा गुन्हेगार हाच असतो, आणि याकडे कुणाचंच लक्ष नसतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हजार चौरस फुटांचं छत म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. सरकारी हिशेबात दिवसाला ६५ मिलिमीटर म्हणजे अतिवृष्टी. अशा एका दिवसात छतावरून सहा हजार लिटर पाणी खाली येतं. हजार लिटरच्या सहा काळ्या टाक्या! आमच्याकडे ते चार पाइपांतून थेट भिंतीच्या बुडाशी पडत होतं. चारही पाइपांना खाली कोपर लावून पाणी नालीपर्यंत नेलं. सगळ्या कामात हा खर्च सर्वांत कमी आणि फरक सर्वांत आधी दिसला. ज्यांना एकच काम परवडेल त्यांनी हेच करावं. तेवढं एक लक्षात ठेवा, हे पाइप संडासाच्या टाकीला कधी जोडू नका. पावसाच्या लोंढ्यानं टाकी भरते आणि घाण उलटी वर येते.

इतकं पाणी नालीत सोडून देताना जीव मात्र तुटतो. निळोणा आणि चापडोह धरणं आटली तेव्हा, २०१८ साली, यवतमाळ शहरानं उन्हाळ्यात पाण्यासाठी जे दिवस काढले ते आपण जवळून पाहिलेत. म्हणून पुढच्या दोन पाइपांचं पाणी आम्ही वाळू-गिट्टीच्या गाळणीतून विहिरीत सोडलं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर जाऊ द्यायचं, छत धुऊन निघालं की मग विहिरीकडे वळवायचं.

शोषखड्ड्याबद्दल मैत्रिणी नेहमी विचारतात. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून उघड्या नाल्या आणि डास घालवले, त्याचं सगळीकडे कौतुक झालं. तिथलं पाहून आपल्याकडेही खड्डे झाले. पण काळ्या मातीत खड्डा घ्यायचा तर खाली मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. निव्वळ काळीत खणलेला चार फुटी खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादली, पाणी मुरायला जागाच नाही. आधी खणून, पाण्यानं भरून एक रात्र ठेवा. सकाळी पाणी उतरलं असेल तरच गिट्टी भरा. आणि खड्डा घरापासून दूर घ्या, भिंतीजवळ मुद्दाम पाणी मुरवणं म्हणजे तड्याला निमंत्रण.

मागच्या अंगणात तुळशीपलीकडे एक खोलगट पट्टा होता, तिथे भर घालूनही ओल राही. तिथे मिस्त्रींनी हातभर खोल चर खणून, तळाशी भोकांचा पाइप टाकून वर गिट्टी भरली. चराला आधी कापडाचं अस्तर दिलं, नाहीतर काळी माती दोन वर्षांत गिट्टीत शिरून सगळं बंद करते. याला इंजिनियर लोक फ्रेंच ड्रेन म्हणतात. मला वाटलं फ्रान्समधून आलं असेल. तसं नाही! अमेरिकेतल्या हेन्री फ्रेंच नावाच्या न्यायाधीशानं १८५९ साली शेतातलं पाणी काढण्यावर एक पुस्तक लिहिलं, त्याच्या आडनावावरून हे नाव पडलं. न्यायाधीश असून चर खणण्यावर पुस्तक लिहिणारा माणूस मला तरी आवडला.

चराच्या शेवटी कर्दळ लावली. मोरीच्या पाण्यावर वहिनींनी अळू लावलाय, पण साबणाच्या पाण्यावरचा म्हणून त्याची वडी करत नाहीत, नुसती शोभा. मोठी झाडं मात्र भिंतीपासून लांब ठेवा. काळ्या मातीत झाडाची मुळं उन्हाळ्यात भिंतीखालचा ओलावा ओढून घेतात आणि माती आणखी आकसते. आमचं कडुनिंबाचं रोप खिडकीपासून सहा फुटांवर होतं, सावली पडेल म्हणून हौसेनं लावलेलं. ते उपटताना मुलगा रडला. कुंपणाच्या कोपऱ्यात परत लावलं, जगलं.

कामाला आम्ही मार्चमध्ये हात घातला म्हणून मिस्त्री मिळाले. अक्षयतृतीया उलटली की सगळ्यांना एकदमच पावसाळा आठवतो आणि मुरुमाचे भावही चढतात. तरी सगळं एकाच वर्षी झालं नाही. पहिल्या वर्षी पाइप आणि नाली, दुसऱ्या वर्षी पट्टी आणि चर.

त्यानंतरच्या पावसाळ्यात पाणी पायरीला लागलं नाही. एका मोठ्या पावसात वहिनींचा कुंपणापलीकडून आवाज आला, "बघा बाप्पा, कशी धावते नाली!" आणि दोघी छत्र्या धरून बराच वेळ तेच बघत उभ्या राहिलो. भज्यांचं पीठ तसंच राहिलं. सासूबाई आता श्रावणातही तुळशीपर्यंत जातात, हातात काठी मात्र असते.

तडा पूर्ण मिटला असं नाही. मिस्त्रींनी पुट्टी भरू नका म्हणून सांगितलं. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं टिंब काढायचं, मधलं अंतर मोजून बाजूला तारीख लिहायची, आणि मे आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोजायचं. अंतर वाढत गेलं तर इंजिनियरला बोलवा, स्थिर राहिलं तर मगच भरा. डब्यांच्या फळीशेजारी आमच्या भिंतीवर अशा चार तारखा आहेत. शेवटच्या दोन्ही वेळचं अंतर सारखंच निघालं.

मुरूम दोन पावसाळे बसला, आता पुढच्या अंगणात गट्टू घालायचं चाललंय. यांनी काल नमुने आणले आणि विचारत होते, लाल घ्यायचे की करडे. मी म्हटलं, रंग तुम्ही ठरवा, ढाळ मी सांगते. बादली भरून ठेवली आहे.